एकटा जीव सदाशिव... आणि एकटी?

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत एकट्या पुरुषासाठी एक झकास म्हण आहे, 'एकटा जीव सदाशिव'. आगापिछा नाही, कुणाची कटकट नाही, भूक लागली की खावं, झोप आली की झोपावं. म्हण उच्चारतानासुद्धा तोंडावर हसू येतं. दादा कोंडके यांचा या नावाचा सिनेमा १९७२ मध्ये आला आणि ही म्हण पुन्हा घरोघरी झाली. आता एकट्या बाईसाठी अशी हसरी म्हण शोधून बघा. मी बी. ए.ला मराठी घेतलं होतं, घरात म्हणींचं एक जुनं पुस्तकही आहे. मला काही सापडली नाही. जे सापडतं ते इथे छापण्यासारखं नाही. तरुण मुलीच्या वाट्याला आली ती 'सातच्या आत घरात' ही ताकीद. त्याही नावाचा सिनेमा निघाला, २००४ मध्ये. म्हणजे त्याला सदाशिव आणि हिला घड्याळ!

हे आठवायचं कारण आपल्याच घरातल्या मुली. आमच्या बार्शीतली कुठलीही गल्ली घ्या, एखादी तरी मुलगी पुण्या-मुंबईला नाहीतर बंगळूरला नोकरीला असतेच. शिक्षण संपलंय, लग्न झालेलं नाही, चार मुलींत मिळून कुठेतरी राहते. पूर्वी मुलगी परगावी जायची ती एक तर शिकायला, नाहीतर सासरी. हे तिसऱ्या प्रकारचं जाणं. त्याला आपल्याकडे अजून नीटसं नावच नाही. त्यामुळे लग्नकार्यात कुणी चौकशी केली की आया गडबडतात. 'असते पुण्याला' एवढं म्हणून विषय लाडवांवर नेतात.

आमच्या महिला मंडळात अशा मुलींच्या आया बऱ्याच आहेत. भिशी झाली की त्यांचे मोबाइल निघतात आणि लेकींचे निरोप वाचून दाखवले जातात. हॉल हसून हसून लोळतो. या मुली सगळं हसत सांगतात. मला आज त्यांच्या या हसण्याबद्दलच लिहायचं आहे, कारण ते हसणं ऐकून आपण खूश होतो आणि मोबाइल पर्समध्ये टाकतो. त्या नेमकं काय सांगताहेत, ते तसंच राहून जातं.

माझी भाची घ्या. धाकट्या बहिणीची मुलगी, वय सत्तावीस, मराठी साहित्यात एम. ए. पुण्यात एका जाहिरातीच्या ऑफिसात मजकूर लिहायचं काम करते. आणि उरलेल्या वेळात कथा लिहिते, एकपात्री प्रयोगासाठी लिहिते आणि स्वतःच उभी राहून करते. पहिल्यांदा तिला राहायला जागा मिळाली ती सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर. तिचा निरोप आला, "मावशी, एकटी जीव, सदाशिव पेठ! माझ्या मालकीची जागा सहा फूट बाय अडीच फूट. कूस बदलायची तर शेजारच्या कॉटवाल्या ताईंची एनओसी लागते."

मेसचं वर्णन तर मला पाठ झालंय. सोमवार ते शनिवार सहा वेगवेगळ्या नावांची एकच भाजी. गुरुवारी तिला 'मिक्स व्हेज' म्हणतात, कारण त्या दिवशी सोमवार ते बुधवार एकत्र येतात. घरी आईच्या हातच्या शेवग्याच्या आमटीला नाक मुरडणारी ही मुलगी आता शेवग्याच्या शेंगेचा फोटो दिसला तरी हळवी होते.

ऑफिसात तिला 'क्रिएटिव्ह' म्हणतात. हा शब्द नोकरीच्या हुद्द्यासारखा वापरतात म्हणे. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी साहेब टेबलापाशी येऊन म्हणतात, "काहीतरी क्रिएटिव्ह दे, सातपर्यंत." तिच्या मते याचा मराठी अर्थ असा की, गेल्या वर्षीचंच दे, पण रंग बदलून. करोनाच्या काळात सगळं घरूनच चाललं होतं, तेव्हा मीटिंग चालू असताना मागे कुकर लावलेला. तीन शिट्ट्या झाल्या. पलीकडचे गिऱ्हाईक विचारतात, "मॅडम, स्टेशनवर आहात का?"

आणि जागा शोधण्याची गोष्ट. कॉट सोडून तिघी मैत्रिणींनी मिळून एक छोटा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. एजंट फिरवत होता. प्रत्येक मालक समोर बसवून विचारणार, गाव कोणतं, वडील काय करतात, जेवण शाकाहारी का, यायची-जायची वेळ काय, लग्नाचं काय ठरलंय. हिचा निरोप, "मावशी, मुलगी बघण्याचा कार्यक्रम तुम्ही लोक अजून करत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. या महिन्यात माझा अकरा वेळा झाला. अकराही ठिकाणी नकार. आणि कांदेपोहे एकीकडेही नाहीत!" त्याच आठवड्यात ऑफिसात ती एका बिल्डरची जाहिरात लिहीत होती. दोन आणि तीन बेडरूमची घरं. ओळ तिनेच सुचवली होती, 'दार उघडा, आपल्या घरात या.' ती ओळ रस्त्यावर मोठ्या फलकावर लागली. ती बसमधून त्या फलकाखालून जायची, कॉटवर झोपायला.

आमच्या मंडळात हा निरोप वाचला तेव्हा सगळ्यात जास्त हशा झाला. मीही हसले. पण घरी येताना मला वाटलं, अकरा नकार ही काही हसायची गोष्ट नाही. पगार आहे, नोकरीचं पत्र आहे, भाडं आगाऊ द्यायची तयारी आहे, आणि तरी तिघी शिकलेल्या मुलींना शहरात दार उघडत नाही. हे तिने रडत सांगितलं असतं तर आईने त्याच रात्रीच्या गाडीने तिला परत आणलं असतं. हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती हसून सांगते. खरं सांगायचं आहे, पण घरच्यांनी घाबरून दोर ओढू नये, एवढीच तिची खटपट.

एकदा तिला ताप आला. सोबतच्या दोघी सुट्टीला गावी गेलेल्या. मला निरोप आला, "ताप १०२. सोबतीला भिंतीवरची पाल आहे. मधूनमधून चुकचुकते. बरं वाटतं, कुणीतरी काळजी करतंय." मी तो निरोप मंडळात वाचला नाही.

एकट्या माणसाचा विनोद आपल्या साहित्यात नवा नाही. खोली, खानावळ, स्टोव्ह, उसना घेतलेला शर्ट यावर आपल्या लेखकांनी भरपूर हसवलं आहे. पण तो एकटा माणूस बहुतेक वेळा पुरुष. आणि त्याला हसता येत होतं, कारण शहराने त्याची सोय केलेली होती. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांसाठी गावकीच्या खोल्या होत्या. एका गावची माणसं एका खोलीत. दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीचा झोपायचा. हाल होतेच, नाही असं नाही. पण 'एकटा आहेस म्हणून खोली नाही' असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. उलट एकटा होता म्हणूनच खोली होती. जेवायला खानावळ. आणि ती चालवणाऱ्या कोण? गिरणी कामगारांच्या बायकाच. पहाटेपासून चुलीपुढे बसून दहा-दहा, वीस-वीस जणांचे डबे करायच्या आणि किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरायच्या. त्यांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाची जगाला दखल घ्यावी लागली.

म्हणजे बघा, एकट्या पुरुषाच्या 'सदाशिव'पणामागेसुद्धा कुणा बाईच्या हातची पोळी होतीच. आता त्याच शहरात एकटी मुलगी आली, तर तिच्यासाठी काय? सरकारने नोकरी करणाऱ्या महिलांच्या वसतिगृहांची योजना १९७२-७३ पासून सुरू केली. तीच आता 'मिशन शक्ती'मध्ये 'सखी निवास' या नावाने चालते. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, तसंच नवरा दुसऱ्या गावी असलेल्या नोकरदार बायकांना तिथे राहता येतं. मुलांच्या पाळणाघराची सोयही योजनेत धरलेली आहे. योजना चांगली आहे. पण लेकीला पुण्याला पाठवताना एजंटचा नंबर मिळवण्याआधी 'जवळपास सखी निवास आहे का, जागा आहे का' असं विचारणारी आई मला क्वचितच भेटते. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात ही चौकशी करता येते.

शहर बायकांसाठी मुळीच बदलत नाही असंही नाही. मुंबईत १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल लोकल सुरू झाली. नोकरदार बायकांची गर्दी एवढी वाढली की अख्खी गाडी द्यावी लागली. त्या गाडीत बायकांनी मटार सोलले, डोहाळजेवणं केली, हळदीकुंकवं केली. रोजच्या प्रवासाचं त्यांनी माजघर करून टाकलं. पण गाडी मिळाली म्हणून खोली मिळाली असं होत नाही.

आता थोडं मागे जाते. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' नावाचं कथांचं पुस्तक आलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनाची घुसमट त्या कथांत होती. घराला पगार हवा, पण मुलीचं मन नको, असा तो काळ. पुस्तकावर केवढं वादळ उठलं! ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. ते टोपणनाव होतं. लेखिका म्हणजे बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. स्वतः शिक्षिका, स्वतः मिळवत्या. बी. ए.ला असताना मी ते पुस्तक वाचलं तेव्हा ते फार जुन्या काळातलं वाटलं होतं. परवा पुन्हा हातात घेतलं तर भाचीचेच निरोप वाचतेय असं वाटायला लागलं. फक्त तेव्हा होते ते निःश्वास, आता आहे ती खसखस. तेव्हा नाव लपवावं लागलं, आता माझी भाची स्वतःच्या नावाने व्यासपीठावर उभी राहून मेसच्या भाजीवर बोलते, आणि लोक तिकीट काढून ऐकतात. नव्वद वर्षांत एवढं तरी झालं.

तिच्या लिहिण्याबद्दल मात्र घरात वेगळंच चालतं. नोकरी म्हटली की सगळ्यांना कळते, तिला पगार असतो. 'लिहिते' म्हटलं की चेहरे कोरे. दिवाळी अंकात कथा छापून आली तेव्हा मेहुण्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती मिळाले?" ती म्हणाली, "बाबा, अंकाची एक प्रत मिळाली. तीही पोस्टाने यायची होती, मीच जाऊन आणली, रिक्षाचे ऐंशी रुपये गेले. म्हणजे कथा मला ऐंशी रुपयांना पडली." आपल्याकडे १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, शंभराहून अधिक वर्षं आपण ही परंपरा कौतुकाने सांगतो. त्यात लिहिणाऱ्यांनी रिक्षा परवडेल एवढं तरी मागितलं तर काय बिघडलं?

आमच्याकडच्या एक वयस्कर बाई या विषयावर मला म्हणाल्या, "एवढी काय ती खोली न् एकांत लागतो? बहिणाबाई जात्यावर बसून गाणी रचत होत्या की!" उत्तर बिनतोड वाटतं. पण पुढचं कुणी सांगत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी आज आपल्याला पाठ आहेत, कारण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि ती गाणी घरात उतरवून घेतली गेली. पुस्तक निघालं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. ज्यांच्या घरात उतरवून घेणारं कुणी नव्हतं त्यांचं काय? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. दळता दळता रचलेल्या. आणि त्याआधीच्या शेकडो वर्षांतल्या ओव्या पिठाबरोबरच गेल्या. तेव्हा 'त्या काळी बायका करतच होत्या की' म्हणताना जरा थांबावं. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ मध्ये लिहून ठेवलंय की, बाईला लिहायचं असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची एक खोली हवी. आम्हाला कॉलेजात ते वाचून दाखवलं होतं, तेव्हा पौंडांचे रुपये किती होतात यावरच चर्चा झाली! माझ्या भाचीकडे पौंडांची सोय नोकरीतून होते. अडतं ते खोलीपाशी.

आणि अडलंच. अकरा नकारांनंतर बारावा मालक भेटला, हो म्हणाला. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट दिलं, तिघी राहायला गेल्या. अट एकच, रात्री साडेदहाच्या आत. आता नोकरी सुटते सात-साडेसातला. त्यानंतर तालीम. प्रयोग असेल त्या दिवशी अकरा वाजणारच. दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा फाटकाला कुलूप. दुसऱ्या दिवशी निरोप, आठ दिवसांत जागा सोडा. डिपॉझिटचं नंतर बघू. 'तुमच्यासारख्या मुलींना' असाही एक शब्दप्रयोग झाला, तो मी पुरा लिहीत नाही.

घरी ही बातमी आली आणि जे व्हायचं तेच झालं. बहीण रडायला लागली. मेहुणे, मुळात अतिशय सरळ माणूस, शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं, ते म्हणाले, "पुरे झालं आता. बार्शीत नोकऱ्या नाहीत का? ये परत, स्थळं बघायला लागू." त्यांची काळजी खोटी नाही. २००७ मध्ये पुण्यातच कामावर निघालेल्या एका तरुणीचा, तिला न्यायला आलेल्या गाडीतल्या माणसांनीच घात केला होता. बातमी सगळ्या महाराष्ट्राने वाचली, आईबाप ती विसरलेले नाहीत. अशा वेळी पोरीला 'धीट हो' म्हणून सांगणं सोपं, रात्री फोन लागेपर्यंत जागणं अवघड.

त्या दिवशी भाचीचं उत्तर आलं. पहिल्यांदाच त्यात विनोद नव्हता. "मावशी, परत आले तर नोकरी तिथे मिळेल, जेवण चांगलं मिळेल, सगळं मिळेल. माझं काम मिळणार नाही. बाबांना सांग ना."

मी गेले सांगायला. लेकीची बाजू घेतली की बहिणीशी वितुष्ट येतं, याचा अनुभव समाजकार्यात भरपूर घेतलाय, पण इथे माझीच बहीण. मी मेहुण्यांना एकच विचारलं, की तिच्या जागी मुलगा असता आणि मालकाने त्याला बाहेर काढलं असतं, तर तुम्ही त्याला नवी खोली शोधायला पैसे पाठवले असते की स्थळ? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "करार दाखव."

गणिताचा माणूस, बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. करार साध्या कागदावर होता, नोंदणी नव्हती. आपल्याकडे सर्रास समज आहे की अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही. मैत्रिणींनो, हे आपल्या राज्यात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५ सांगतं की, भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मेहुण्यांनी हे कलम फोनवर त्या मालकाला शांतपणे वाचून दाखवलं, शाळेत पाढे म्हणून घेत तसं. डिपॉझिट चौथ्या दिवशी परत आलं. जागा मात्र गेली ती गेलीच. तीन आठवडे भाची मैत्रिणीकडे जमिनीवर गादी टाकून राहिली. "सहा बाय अडीचवरून प्रमोशन मिळालं, आता अख्खी फरशी माझी," असा निरोप आला, तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं.

तालमीचं सोडा, ऑफिसातच उशीर होणाऱ्या मुलीही पुष्कळ आहेत. त्यांच्या आयांसाठी सांगते. २०१७ मध्ये राज्याने केलेल्या दुकाने-आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि दारापर्यंत सुरक्षित पोचवण्याची सोय हवी, असं आहे. अगदी लहान ऑफिसं यातून सुटतात, तेव्हा नोकरी घेतानाच मुलीने हे विचारून घेतलेलं बरं. आपण फोनवर 'जेवलीस का' विचारतो, तसंच 'गाडी सोडते का घरापर्यंत' हेही विचारावं.

आता त्या मालकाला शिव्या देऊन मोकळं होता येईल. पण माझं लक्ष आपल्याच गल्लीकडे जातं. बार्शीसारख्या गावात सुद्धा बाहेरगावच्या एकट्या मुली येतात. बँकेत, दवाखान्यात नर्स म्हणून, शाळेत, तहसील कचेरीत. आणि आपल्या घरांवर पाट्या काय असतात? 'खोली भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिलीसाठी.' माझ्या ओळखीतल्या दोघीजणींच्या लेकी पुण्यात खोलीसाठी वणवण फिरत होत्या, आणि याच दोघींच्या वरच्या खोल्या सहा-सहा महिने रिकाम्या. बँकेत लागलेली नंदुरबारकडची मुलगी विचारायला आली तेव्हा एकीने सांगितलं, "आम्हाला जबाबदारी नको बाई." मी त्यांना टोमणा मारला नाही. भीती मला कळते. उद्या काही झालं तर पोलीस दारात येतील, गल्ली बोलेल, नवरा म्हणेल तुला कुणी सांगितलं होतं. पण ही भीती नोंदणीचा करार, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती आणि मुलीच्या घरच्यांचा फोन नंबर एवढ्याने बरीच उतरते. त्या दोघींपैकी एकीने शेवटी खोली दिली. बँकेतली ती मुलगी सुट्टीच्या दिवशी गच्चीत बसून चित्रं काढते. घरमालकीण बाई आधी म्हणायच्या, "रंग सांडतील फरशीवर." आता त्यांच्या देवघराच्या भिंतीवर तिने काढलेली वेल आहे आणि त्या येईल त्याला ती दाखवतात. दुसरीची खोली अजून रिकामीच आहे.

भाचीला पुढे कर्वेनगरला जागा मिळाली. मालकीणबाई निवृत्त परिचारिका, आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या. त्यांनी वेळेचा प्रश्नच विचारला नाही. एक किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या, "येताना फाटक हळू लाव, माझी झोप सावध आहे." भाचीला अजून कळत नाही की एवढ्या साध्या वाक्याने तिला रडू का आलं. तिने नवीन एकपात्री लिहायला घेतलंय, त्यात मुलगी बघायला आलेले बारा घरमालक आहेत. मेहुणे विचारतात, त्यातला गणिताचा मास्तर म्हणजे मीच का? ती म्हणते, तिकीट काढून बघा.

गेल्या महिन्यात आम्ही पाच आया आणि मी मावशी, पुण्याला जाऊन आलो. २०२३ मध्ये एसटीने बायकांना अर्धं तिकीट केलं, तेव्हापासून कारणं सुचायला लागली आहेत. डबे बांधून घेतले, पाच-सहा तासांचा प्रवास, आणि दिवसभरात चार मुलींच्या चार खोल्या पाहिल्या. नावं ठेवायची नाहीत, असं एसटीतच ठरलं होतं. ते दुसऱ्याच खोलीत मोडलं, कारण तिथला गॅसचा पाइप बदलायला झाला होता. तो एका आईने लगेच बदलून घेतला. बहिणीने लेकीच्या टेबलावरची वही उघडली, दोन पानं वाचली आणि विचारलं, "यातली ही रडकी आई कोण?" सगळ्या एकदम हसल्या.

पुढच्या महिन्यात डोंबिवलीला जायचं चाललंय. तिथे आमच्या गल्लीतल्या दोघी आहेत, आणि बहिणीला लोकलचा बायकांचा डबा एकदा आतून बघायचा आहे. शेंगदाण्याच्या चटणीचे पुडे कुणी किती घ्यायचे, एवढंच ठरायचं राहिलंय.